मी कामावर, आई रिकामी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझ्या मैत्रिणीला अर्थशास्त्र मी शिकवलं. आमच्या समोरच्या खोलीत सतरंजीवर बसून सरासरी कशी काढायची, नमुना पाहणी कशी करतात, बेरोजगार कोणाला म्हणायचं, हे सगळं मी तिच्याकडून घोकून घेतलं. मला पहिला वर्ग मिळाला, तिला दुसरा. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली आणि माझ्या आईला म्हणाली, "काकू, ही नसती तर मी गेलीच होती." त्या दिवशी ती मला फार आवडली. पुढे दोनेक वर्षांत असं झालं की कोणी तिचं कौतुक करू लागलं की मी उठून आत निघून जायची. ते जळणं मी कोणाला दाखवलं नाही, पण त्याच्यापायी जे केलं ते आता सांगते.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आम्ही मध्य प्रदेशातल्या सौंसरचे. माझे वडील मराठी शाळेत हेडमास्तर, तिच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. मी त्यांना काकाजी म्हणायची. बाबांची आणि काकाजींची दोस्ती वीस वर्षांची होती आणि भांडणही तितकंच जुनं. बाबा सत्तेतल्या पक्षाचे, काकाजी विरोधातले. नागपूरचा पेपर बसनं आला की शाळा सुटल्यावर बाबा दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसत आणि दोघं एकच पेपर दोन बाजूंनी वाचत. त्या काळात त्यांचा वाद एकाच गोष्टीवर अडला होता. पोरांना कामं मिळून राहिली की नाही?

काकाजी म्हणायचे, "मास्तर, छिंदवाड्याच्या रोजगार दफ्तरात रजिस्टरं ठेवाले जागा नाही उरली. अन् तुम्ही सांगता, कामं वाढून राहिली."

"रजिस्टरात नाव आहे म्हणजे माणूस रिकामा आहे असं नाही ना, भाऊ," बाबा म्हणायचे. "कित्येक जण कामाला लागतात अन् नाव तसंच ठेवतात, सरकारी जागा निघेल म्हणून. मोजायचं असेल तर घरोघर जाऊन मोजा."

"मोजा ना. कोण नाही म्हणते?"

त्या रजिस्टरात आम्हा दोघींचीही नावं होती. निकाल लागल्यावर आम्ही नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं छिंदवाड्याला जाऊन ती नोंदवली होती. रामाकोना सुटल्यावर गाडी चढावर इतकी हळू चालायची की खाली उतरून तिच्यासोबत पायी जावंसं वाटे. मिळालेलं कार्ड मी गोधडीच्या पेटीत जपून ठेवलं होतं.

आणि मग खरोखरच घरोघर जाऊन मोजायची वेळ आली. सरकारचा एक सर्वे निघाला. किती लोक कामाला आहेत आणि किती रिकामे, हे विचारून फॉर्म भरायचे होते. त्यासाठी शिकलेली माणसं हवी होती आणि बायकाही हव्या होत्या, कारण गावातल्या बायका परक्या पुरुषाशी नीट बोलत नसत. रोजगार कार्यालयाकडून आम्हा दोघींनाही मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीत तीन साहेब होते. हिंदीत विचारत होते. बेरोजगार किसे कहेंगे, असं विचारल्यावर मी पुस्तकातली व्याख्या स्वल्पविरामासकट सांगितली. एक साहेब मान डोलवत होते. शेवटी मधल्या साहेबांनी विचारलं, "गाँव-गाँव पैदल जाना पड़ेगा। जा पाओगी?"

मी म्हणाले, "घर में पूछकर बताऊँगी।"

हे उत्तर मी पुढे बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. माझ्यामागून ती आत गेली. परतीच्या गाडीत तिनं सांगितलं, "मले व्याख्या काही धड जमली नाही वं. पण पायी जाशील का विचारलं, तर मी म्हटलं, जाईन."

पंधरा दिवसांनी यादी आली. तिचं नाव होतं, माझं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी आईला म्हणाले, "तिचा मामा तहसीलात आहे ना." तिचा मामा तहसील कचेरीत साधा कारकून होता आणि त्याचा या सर्वेशी काडीचाही संबंध नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी शेजारच्या काकूंना मी तेच सांगितलं. नळावरही सांगितलं. आठ दिवसांत सगळ्या आळीला माहीत झालं की पोरीला मामानं चिकटवलं.

तिला खाकी रंगाची रेक्झिनची बॅग मिळाली, फोटोचं ओळखपत्र मिळालं. ती साडीला पिना लावून सकाळीच निघायची, कधी मोहगावला, कधी रामाकोन्याला. वैशाखाचं ऊन होतं. नाक भाजून काळं पडलं होतं. लोक तिला 'सर्वेवाली मॅडम' म्हणू लागले. संध्याकाळी ती आमच्याकडे यायची आणि पाय लांब करून दिवसभराचं सांगायची. एका म्हाताऱ्यानं संत्र्याचं सरबत प्यायल्याशिवाय एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. एका बाईनं तिलाच उलट विचारलं, "अन् तू कोणाच्या घरची, लगन झालं का?" आई हसायची. मीही हसायची आणि तिच्या पायांकडे बघायची. तळव्यांना फोड आले होते. मी तिला हळद-तेल गरम करून लावून दिलं. लावताना वाटत होतं, हे फोड माझ्या पायाला यायला पाहिजे होते.

मग आमच्या आळीची पाळी आली आणि ती फॉर्म घेऊन आमच्या घरी आली. आईनं पाहुण्यांच्या कपात चहा दिला. मला तेही लागलं. ती इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत आली होती.

बाबांचं झालं. मग माझं नाव लिहून तिनं विचारलं, "मागच्या आठवड्यात मोबदला घेऊन काही काम केलं?"

"नाही," मी म्हणाले. "लिही बेरोजगार."

आई मध्येच बोलली. "काऊन नाही? शिकवणीले पाच पोरी येतात ना हिच्याकडे. अन् ब्लाउज शिवते ते?"

मैत्रिणीनं पेन थांबवलं. "मग तर कामावर येते वं तू."

"म्हणजे?"

"नियम तसा आहे. आठवड्यात एक तासही मोबदला घेऊन काम केलं असेल तर कामावर लिहायचं. पुस्तिकेत आहे."

"मी रोजगार कार्यालयात नाव घालून ठेवलं आहे. कार्ड दाखवू का? माझ्याकडे नोकरी नाही हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. पण कार्डाचा रकाना यात नाही." तिचा आवाज मऊ होता. "मले जे आहे ते लिहावं लागते."

तिनं खूण केली. मी बघत राहिले. पहिल्या वर्गाची मी, दोन वर्षं घरी बसलेली, तिच्या एका खुणेनं कामाला लागले. पुढचं नाव आईचं होतं. आई पहाटे पाचला उठायची ती रात्री सगळे झोपल्यावर टेकायची. घरी एक गाय होती, तिचंही सगळं तिच्याकडेच होतं. मैत्रिणीनं विचारलं, दूध विकता का? आई म्हणाली, नाही, घरातच लागते. मग आईपुढे खूण झाली, काम करत नाही.

आईला हसू आवरेना. "म्हणजे ही कामावर अन् मी रिकामी? बाप्पा, आज सैपाक हिलेच करू दे मग."

दोघी हसल्या. मी हसले नाही. माझं बेरोजगार असणं हीच माझी एक बाजू उरली होती. लोक विचारत, काय करतेस, तर मी सांगायची, नाव घातलं आहे, वाट पाहून राहिली. तेवढंही तिनं काढून घेतलं असं मला वाटलं.

दिवाळीच्या सुमारास निवडणुकीचे वारे वाहू लागले. भाऊबीजेला बाबांसोबत मी पांढुर्ण्याला आत्याकडे गेले होते. बाजारात संत्र्याच्या पेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडच्या मैदानात सत्तेतल्या पक्षाची सभा होती. भोंगा आत्याच्या अंगणापर्यंत ऐकू येत होता. वक्त्यानं सांगितलं की सर्वे झाला आहे, आपल्या भागात रिकामे हात कमी झाले आहेत. त्यानं आकडाही सांगितला. तो आता मला आठवत नाही. बाबांनी मात्र तो तिथल्या तिथे डायरीत लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात सौंसरला विरोधकांची सभा झाली. त्यांनी रोजगार कार्यालयाच्या रजिस्टरातला आकडा सांगितला आणि विचारलं, रिकामे हात कमी झाले तर ही नावं कोणाची? दोन्हीकडे टाळ्या पडल्या. मला कळत होतं की यांच्या आकड्यात मी आहे आणि त्यांच्याही आकड्यात मी आहे. मला काय हवं, ते दोन्हीकडे कोणी विचारलेलं नव्हतं.

दुकानाच्या ओट्यावर तर रणच पेटलं. मी ब्लाउजपीस आणायला गेले होते तेव्हा ऐकलं. बाबा डायरी उघडून म्हणत होते, "आता काय म्हणणं आहे, भाऊ? घरोघर जाऊन मोजलं. अन् कोणी मोजलं? तुमच्याच पोरीनं."

"माझ्या पोरीनं खरंच मोजलं," काकाजी म्हणाले. "पायाचे तुकडे पाडून मोजलं. वरच्यांनी चुकीचं वाचलं. एक तास काम केलं तर माणूस कामावर? असं असेल तर आपल्या सौंसरात रिकामं कोणीच नाही."

"पण पोरीच्या कामावर तुमचा भरवसा आहे ना?"

"पोरीवर आहे. तुमच्या सरकारवर नाही."

"पोरगी हुशारच आहे. नाव काढलं तिनं," बाबा म्हणाले. मी समोर ब्लाउजपीस हातात धरून उभी होते आणि माझे वडील ज्या आवाजात बोलले, तसा आवाज त्यांनी माझ्या निकालाच्या दिवशीही काढला नव्हता. सगळ्या गोष्टींवर भांडणारी ती दोन माणसं तिच्या बाबतीत एक झाली होती. तेवढ्यात काकाजींनीच बातमी दिली. सर्वेचा दुसरा फेरा निघणार होता आणि या वेळी तिला चार-पाच जणांवर देखरेखीचं काम मिळणार होतं.

त्यानंतर काही दिवसांनी आत्याचा पाय मुरगळला म्हणून मला पांढुर्ण्याला पाठवलं. दुपारी आत्या झोपली की घर शांत असायचं. दुसऱ्या दुपारी मी आतेभावाच्या वहीतला कागद फाडला आणि छिंदवाड्याच्या सर्वे कार्यालयाला हिंदीत पत्र लिहिलं, एकेक अक्षर सुटं करून. लिहिलं की सौंसरच्या या बाईंनी बेरोजगार मुलींना कामावर दाखवलं आहे. एवढंच लिहून थांबले असते तर त्यात माझा राग तरी खरा होता. पण वाचून पाहिलं तर फारच पांचट वाटलं. म्हणून खाली आणखी लिहिलं, या बाई रामाकोन्याला गेल्याच नाहीत, वडिलांच्या दुकानात बसून फॉर्म भरले. खाली सही म्हणून 'एक नागरिक'. स्टेशनजवळच्या पेटीत पत्र टाकलं आणि येताना आत्यासाठी शेंगदाण्याची चिक्की घेतली. मला बरं वाटत होतं. खोटं सांगत नाही, दोन दिवस मला फार बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी जीप आली. चौकशीचे साहेब रामाकोन्याला जाऊन आले, मग आमच्या आळीत आले. आमच्या दारात ते उभे आणि त्यांच्या मागे ती, बॅग छातीशी धरून. साहेबांनी मला विचारलं, "ये मैडम खुद आई थीं?"

बाबा बाजूलाच होते. मी म्हणाले, "आई थीं."

"ट्यूशन लेती हो?"

"लेती हूँ।"

साहेबांनी पुस्तिका उघडली, फॉर्म पाहिला, "सही भरा है," म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. रामाकोन्यातल्या लोकांनी तर तिला नावानं ओळखलं होतं. सरबतवाल्या म्हाताऱ्यानं साहेबांनाही सरबत पाजलं. तिच्यावर काहीच ठपका आला नाही. पण चौकशी चालू असताना दुसरा फेरा सुरू झाला होता आणि देखरेखीचं काम लोधीखेड्याच्या एका पदवीधराला देऊन झालं होतं.

ती माझ्याकडेच येऊन रडली. "कोणाचं काय वाकडं केलं मी?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जळणारे असतातच वं."

साहेबांनी तिला पाकीट दाखवलं होतं. त्यावर पांढुर्ण्याचा शिक्का होता. आणि पांढुर्णा म्हणजे दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांचं गाव. एवढ्यावरून बाबांनी आणि काकाजींनी आपापला निष्कर्ष काढला.

"हे तुमच्या लोकांचं काम आहे, भाऊ," बाबा ओट्यावर म्हणाले. "सर्वेचा आकडा त्यांच्या आड येऊन राहिला. तो खोटा पाडायचा होता."

काकाजींनी हातातली कात्री खाली ठेवली. "माझ्या पक्षाचे लोक माझ्याच पोरीच्या जिवावर उठले? तुमच्या लोकांना लोधीखेड्याचा आपला माणूस घुसवायचा होता, हे नाही दिसत तुम्हाला?"

"आमच्या लोकांनी असं केलं नाही."

"मग आमच्यांनीही नाही केलं. या आता, मास्तर."

या आता, म्हणजे जा. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबा शाळेतून थेट घरी येऊ लागले. स्वतःचा पेपर लावला. अंगणात खुर्ची टाकून वाचायचे आणि एखाद्या बातमीवर मान वर करून बोलायला तोंड उघडायचे, तर समोर गाय. आई म्हणाली, "भांडायले कोणी नाही तर पेपर गोड लागत नाही त्यायले." ते ऐकून मला जेवण गेलं नाही. पत्रामागे राजकारणाशिवाय दुसरं कारण असू शकतं, हे दोघांच्याही डोक्यात येत नव्हतं. एखादी पोरगी नुसत्या हेव्यानं असं करेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतंच.

संक्रांत होऊन गेली. ओट्यावरच्या त्या भांडणाला दीड-दोन महिने झाले असतील. एका दुपारी मी तिच्या घरी गेले. ती गच्चीवर मुगाच्या वड्या वाळत घालत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, "ते पत्र मी लिहिलं."

तिला आधी कळलंच नाही. "कोणतं पत्र?"

"छिंदवाड्याचं."

ती हात पिठाचे तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मी रामाकोन्याले गेलीच नाही, असं तू लिहिलं? माझ्या पायाले हळद तूच लावली होती."

"हाव."

"काऊन?"

"तुले मिळालं म्हणून. मले नाही मिळालं म्हणून."

"अन् मामाचं? तेही तूच पसरवलं?"

"हाव."

मला वाटलं ती ओरडेल. तिनं उरलेल्या वड्या घातल्या, ताट पुसलं, हात धुतले. मग म्हणाली, "मले सांगून काय होते? खाली चल. बाबाले सांग."

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. काकाजींनी त्याचं कापड मोजून फाडून दिलं, तोवर मी थांबले. मग सांगितलं. त्यांनी उरलेला तागा गुंडाळून फळीवर ठेवला. मैत्रीण चपला घालून निघाली आणि शाळेतून माझ्या वडिलांना घेऊन आली. मला पुन्हा एकदा सगळं सांगावं लागलं, या वेळी बाबांकडे बघून. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते काकाजींना म्हणाले, "भाऊ, चूक माझ्या घरातली आहे. मी तुमच्या लोकांना उगीच बोललो."

"मीही बोललोच ना," काकाजी म्हणाले. मग त्यांनी कापड मोजायचा गज या हातातून त्या हातात घेतला. "म्हणजे तुमच्याही पक्षाचं नाही अन् माझ्याही नाही. बसा, मास्तर."

घरी आल्यावर बाबांनी मला कागद दिला आणि कार्यालयाला दुसरं पत्र लिहायला लावलं. या वेळी माझ्या नेहमीच्या अक्षरात, खाली पूर्ण नाव-पत्त्यासह. त्याचं उत्तर कधी आलं नाही. गेलेलं काम तिला परत मिळालं नाही. बाबा माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. ओट्यावर मात्र दोघं आठ दिवसांत पूर्वीसारखे भांडू लागले. रजिस्टर खरं की सर्वे खरा, यावर त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

ती मला टाकून बोलली नाही कधी. रस्त्यात भेटली की थांबायची, आईची खुशाली विचारायची. आमच्या घरी मात्र परत आली नाही. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न वरूडला झालं. पत्रिका बाबांच्या नावानं आली. आई-बाबा गेले, मी शिकवणीचं निमित्त सांगून घरी राहिले. पुढे कळलं, तिला तिकडे शाळेत नोकरी लागली. ते ऐकलं तेव्हा मी ब्लाउजला काज करत होते, आणि इतकं सगळं होऊनही छातीत पहिल्यासारखंच जळलं. मला वाटलं होतं कबूल केलं की ते जाते. तसं काही होत नाही.

मी रोजगार कार्यालयातलं कार्ड दरवेळी नवं करून आणत राहिले, एकटीच, त्याच छोट्या गाडीनं. अखेर मोहगावच्या प्राथमिक शाळेचा आदेश हातात आला. बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, आणि मग माझे पाय आपोआप दुकानाकडे वळले. काकाजी एकटेच होते. आदेश त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला.

"बरं झालं पोरी," ते म्हणाले. "मोहगावला रोज जाशील?"

"जाईन."

"तिले कळवतो."

मी हो म्हणाले. त्यांनी कळवलं की नाही, मी विचारलं नाही.